फोटोत काही नाही

आमच्या भागात हातापायाला मार बसलेला मनुष्य दवाखान्यातून परतला, की ओसरीवर वाट पाहत बसलेल्या घरच्या मंडळींना तो जे पहिले वाक्य ऐकवतो, आणि जे कानी पडताच वडीलधाऱ्यांच्या कपाळावरची आठी विरून चुलीवर चहाचे आधण चढते, ते वाक्य म्हणजे ‘फोटोत काही नाही’. क्ष-किरणांनी उमटवलेल्या चित्राला ‘फोटो’ म्हणण्याची आपली रीत आहे, आणि त्या नावातच आपला त्या चित्रावरचा विश्वास साठवलेला आहे. कारण फोटो म्हणजे जे जसे होते ते तसे उतरलेले, त्यात साक्षीदाराच्या जबानीत असते तशी अतिशयोक्ती नाही की विसर नाही, आणि म्हणून एकदा फोटोचा दाखला मिळाला, की दुखण्याची सारी फिर्याद निकालात निघते, दप्तर बंद होते, व ज्याचे अंग दुखत असते त्याने यापुढे दुखण्याची भाषा करणे हे हट्टीपणाचे लक्षण ठरते.

या वाक्याकडे मी पुष्कळ वर्षे लक्ष दिले नव्हते. महाविद्यालयात मी अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ शिकवीत असे; जमिनीवर घट नाही हे आपल्याला कोणत्या प्रमाणाने कळते, या प्रश्नावर दरवर्षी दोन तास खर्ची घालीत असे; आणि तरीही ‘फोटोत काही नाही’ हे वाक्य त्याच घटाभावाच्या जातीचे आहे, त्यालाही तीच कसोटी लावली पाहिजे, हे माझ्या ध्यानात येईपर्यंत माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, जवळजवळ दीड वर्ष यातना सोसाव्या लागल्या.

श्रावणातल्या एका पहाटे अक्का न्हाणीघराच्या ओल्या शहाबादी फरशीवर घसरली आणि पडता पडता स्वतःला सावरण्यासाठी तिने उजवा हात मागे टेकला. अंगाचा सारा भार त्या पसरलेल्या तळहातावर आला आणि कोपर निखळले. तालुक्याच्या गावी त्याच दिवशी सांधा जागेवर बसवला गेला, तीन आठवडे प्लास्टर झाले, प्लास्टर निघाल्यावर काढलेल्या फोटोत तिन्ही हाडे आपापल्या जागी नीट बसलेली दिसली, आणि आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. संक्रांतीच्या सुमारास तिची तक्रार सुरू झाली. पाटावरून उठताना उजवा तळहात जमिनीला टेकून ती अंग उचलू लागली, की कोपर सरळ होण्याच्या थोडे अलीकडे, आत काहीतरी जागा सोडल्यासारखे तिला वाटे, आणि ती तशीच खाली बसे. पुन्हा दवाखाना झाला, पुन्हा फोटो झाला. फोटोत काही नव्हते. वयाचा भाग आहे, मनात भीती बसली आहे, व्यायाम करा, असे तिला सांगण्यात आले. आणि दवाखान्याने सांगितले तेच, थोड्या अधिक मायेच्या पण तितक्याच ठाम शब्दांत, मीही तिला सांगितले. त्यावर ती एवढेच म्हणाली, “अरे, फोटोत नसेल, माझ्या हातात आहे त्याचं काय करू?”

पुढे ती बोलेनाशी झाली. पाट तिने भिंतीलगत सरकवून घेतला. उठताना ती प्रथम डाव्या कुशीवर वळे, मग गुडघ्यावर येई, मग डाव्या हाताने दाराची चौकट धरी, आणि उजवा हात पोटाशी दुमडून, एखादे झोपलेले मूल उचलून न्यावे तसा सांभाळून नेई. हे मी रोज पाहत होतो. रोज पाहूनही, जी गोष्ट फोटोत दिसत नाही तीच माझ्या डोळ्यांसमोर घडते आहे, हे मला दिसत नव्हते.

कोपर हा सांधा वरवर पाहता दाराच्या बिजागरीसारखा साधा वाटतो. सुश्रुताने सांध्यांचे जे आठ प्रकार सांगितले, त्यांत गुडघा, घोटा, मनगट यांच्याबरोबर कोपराची गणना ‘कोर’ या पहिल्याच प्रकारात केली, आणि मर्मांच्या प्रकरणात ‘कूर्पर’ हे नाव जिथे इजा झाली असता माणूस मरत नाही पण अधू होतो अशा मर्मांमध्ये घातले. वर दंडाचे एक हाड, खाली करंगळीच्या बाजूचे अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूचे रेडियस अशी दोन हाडे, आणि या तिघांना एकत्र ठेवणारे अस्थिबंध, ज्यांना आज सर्रास लिगामेंट म्हणतात. आतल्या बाजूच्या बंधाचे तीन पदर असतात, त्यांतला पुढचा पदर सर्वांत कामाचा. बाहेरच्या बाजूला दंडाच्या हाडाच्या उंचवट्यापासून निघून रेडियसच्या डोक्यामागून तिरका जाऊन अल्नाला बिलगणारा एक चिंचोळा पट्टा असतो, आणि झोळीत मूल पेलावे तसे तो त्या हाडाचे डोके मागून पेलून धरतो. अक्कासारखे मागे हात टेकून पडणाऱ्यांचे कोपर निखळते तेव्हा बहुधा हीच बाहेरची झोळी प्रथम फाटते आणि फाट बाहेरून आत सरकत जाते.

सुश्रुताची एक उपमा मला या संदर्भात वारंवार आठवते. फळ्या जोडून केलेली नाव पुष्कळ दोरांनी नीट आवळलेली असेल तरच माणसांचा भार घेऊन पाण्यात तरते, तसे शरीरातले सांधे स्नायूंनी बांधलेले आहेत म्हणून मनुष्य भार वाहू शकतो, असे तो शारीरस्थानात म्हणतो. आणि पुढे जाऊन असेही बजावतो की हाडे, मांस, शिरा, सांधे यांपैकी कशालाही इजा झाली तरी ती स्नायूंच्या इजेइतकी घातक नसते. (आपण आज ‘स्नायू’ म्हणतो ते मांसपेशींना, सुश्रुताचा स्नायू म्हणजे बांधणारा तंतू, आणि या एका शब्दाच्या अर्थांतराने आयुर्वेद वाचणाऱ्या किती मराठी वाचकांची दिशाभूल केली असेल.) फळी मोडली तर दिसते. दोर सैल झाला आहे हे नाव काठावर उभी असताना कसे कळावे?

विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग येथे जे किरण सापडले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ज्यांच्या साहाय्याने त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे, बोटातल्या अंगठीसकट, चित्र घेतले, ते किरण मांसातून सहज पार होतात व हाडाला अडतात; तेव्हा आपण ज्याला फोटो म्हणतो ती वस्तुतः हाडांची सावली असते. अस्थिबंधाची सावली त्यात पडत नाही. दोन हाडांमध्ये नेहमीपेक्षा अधिक फट दिसली, बाजूने घेतलेल्या चित्रात दंडाचे हाड आणि अल्ना यांच्यामधले अंतर चार मिलिमीटरांहून वाढलेले आढळले, तर बंध ढिलावले असावेत असा तर्क करता येतो. पण तो तर्कच. डोंगरावरचा धूर पाहून अग्नीचे ज्ञान व्हावे, त्या जातीचे ते ज्ञान आहे. तिथे अग्नी दिसलेला नसतो. आपण मात्र त्याला प्रत्यक्षाचा मान देऊन बसलो आहोत, आणि धूर दिसला नाही म्हणून अग्नी नाही असा उलटा निर्णयही बेलाशक करू लागलो आहोत, जो तर्कशास्त्राच्या पहिल्या इयत्तेतल्या विद्यार्थ्यालाही करू देऊ नये; कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो.

अभाव कसा कळतो याविषयी आपल्या दर्शनांत मोठा वाद झाला आहे. कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे सहावे स्वतंत्र प्रमाण मानले; नैयायिकांनी ते नाकारून, अभावही इंद्रियांनीच कळतो, न आढळणे हे त्या ज्ञानाला केवळ हातभार लावते, असे प्रतिपादन केले. शतकानुशतके चाललेल्या या वादात एका अटीवर मात्र दोन्ही पक्षांचे एकमत राहिले, आणि ती अट म्हणजे योग्यता. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तिथे घडा नाही असे ठरत नाही. जे डोळ्यांना दिसण्याजोगेच नाही असे पिशाच खांबावर दिसले नाही म्हणून खांबावर पिशाच नाही असेही शाबीत होत नाही. ‘असते तर दिसलेच असते’ असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल, तिथेच न दिसण्यावरून नसण्याचा निवाडा देण्याचा अधिकार पोहोचतो. हा भाग मी वर्गात फळ्यावर घडा काढून समजावून सांगत असे. अक्काचा फोटो उजेडापुढे धरून मी ‘यात काही नाही’ म्हणालो, त्या क्षणी, बंध सैल झाला असता तर तो इथे दिसला असता का, हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नाही, याची खंत मला आजही आहे.

भाच्याच्या आग्रहावरून आम्ही तिला पुण्याला नेऊन एमआरआयही केला. चुंबकापाशी धातू चालत नाही म्हणून मंगळसूत्र, पाटल्या, कुड्या उतरवून तिने रुमालात बांधून माझ्या हाती दिल्या. जोडवी काही निघेनात, लग्नापासून ती बोटांतून निघालेली नव्हती, तेव्हा तिथल्या एका मुलीने साबणाचे पाणी आणून, जमिनीवर बसून, ती हलक्या हाताने फिरवून फिरवून काढली. मग उजवा हात डोक्यावर ताणून, पालथी पडून, अर्धा तास अक्का त्या बोगद्यात निश्चल राहिली. न हलणे हीच त्या परीक्षेची अट आहे.

हे यंत्र अस्थिबंध दाखवते यात शंका नाही. पण ते कसे दाखवते हे जेव्हा मी समजून घेतले तेव्हा मी काही काळ स्तब्ध झालो. शरीरातल्या पाण्याच्या रेणूंमधील हायड्रोजनची केंद्रके त्या प्रबळ चुंबकाच्या प्रभावाखाली येतात, रेडिओलहरींनी छेडली असता प्रतिसाद देतात, आणि त्या प्रतिसादातून चित्र घडते. अस्थिबंधात मोकळे पाणी अत्यल्प असल्यामुळे त्याचा प्रतिसाद जवळजवळ उमटतच नाही. भोवतालच्या उजळ मांसमेदामध्ये तो एक काळी रेघ म्हणून ओळखला जातो, आणि तो फाटला असेल तर फटीत शिरलेले पाणी त्या काळ्या रेघेत उजळून दिसते. म्हणजे निरोगी बंध आपल्याला कळतो तो त्याच्या मौनावरून, आणि त्याची जखम कळते ती तिथे नसायला हवे होते अशा पाण्यावरून. सांध्यात सुईने द्रव भरून चित्र घेतले तर बारीक फाटही उघडी पडते. आतल्या बाजूच्या बंधाचा खालचा पदर सुटला असेल तर तो द्रव हाडालगत पसरून ‘टी’ अक्षरासारखी खूण उमटवतो. पण बाहेरची ती झोळी अरुंद, तिरकी. चित्राचे छेद तिच्या दिशेने पडले नाहीत तर ती धड एका चित्रात सापडत नाही, आणि जुन्या दुखापतीत तर ती पुन्हा सांधून, सलग होऊन, केवळ लांबलेली असू शकते. अक्काच्या अहवालात बंध सलग असल्याची नोंद होती. दोर तुटलेला नव्हता, ढिला होता.

येथे प्रश्न वैद्यकाच्या हद्दीतून निघून दर्शनाच्या हद्दीत येतो, आणि हाच प्रश्न मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. सांध्याचे अस्थैर्य ही कोणत्या प्रकारची वस्तू आहे? बोगद्यात निश्चल पडलेल्या अक्काच्या कोपरात, ज्या अर्ध्या तासात तिन्ही हाडे आपल्या जागी होती त्या अर्ध्या तासात, अस्थैर्य होते की नव्हते?

मीमांसकांनी ‘शक्ती’ नावाचा पदार्थ मानला, तो नेमका अशाच एका कोड्यातून. अग्नी पेटलेला आहे, तळहात त्याच्यावर धरलेला आहे, पण जवळ एक विशिष्ट मणी ठेवला असता हात भाजत नाही, आणि मणी दूर नेताच भाजतो. अग्नीच्या दिसणाऱ्या रूपात तर तिळभर फरक पडलेला नाही. तेव्हा अग्नीच्या ठिकाणी डोळ्यांना न दिसणारी दाहशक्ती असली पाहिजे, जी मण्याने कुंठित झाली होती, असे त्यांचे म्हणणे. नैयायिकांना ही अदृश्य शक्ती मान्य नाही. अग्नी, हात आणि प्रतिबंधक मण्याचा अभाव, एवढी सामग्री जुळली की दाह होतो, त्याखेरीज आणखी काही मानणे हा निष्कारण पसारा आहे, असे ते म्हणतात. विद्यार्थ्यांना हा वाद पोरकट वाटे. असला मणी कुणी पाहिला आहे, असे ते विचारीत, आणि माझ्याजवळ उत्तर नसे.

आज आहे. कोपराभोवतीच्या मांसपेशी हा तो मणी. त्यांचे सामर्थ्य केवढे असते याचा अंदाज अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंवरच्या अभ्यासांवरून येतो: चेंडू फेकताना त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूवर सुमारे ६४ न्यूटन-मीटर इतका पीळ पडतो, आणि मृतदेहांवरील परीक्षेत तिथला बंध जवळपास त्याच्या निम्म्या पिळालाच तुटलेला आढळला आहे, म्हणजे उरलेला भार मांसपेशी आणि हाडांची ठेवण उचलत नसती तर पहिल्याच फेकीला बंध तुटता. जागा असलेला रोगी दुखऱ्या हाताच्या पेशी नकळत आवळून धरतो, आणि बंध कितीही ढिला असला तरी हाड सरकू देत नाही. ओ’ड्रिस्कॉल, बेल आणि मॉरी या तीन शल्यविशारदांनी १९९१ मध्ये कोपराच्या या मागे-बाहेर फिरणाऱ्या अस्थैर्याचे वर्णन केले, तेव्हा ते ओळखण्यासाठी त्यांनी सांगितलेल्या परीक्षेत हीच गोष्ट ठळकपणे समोर आली. रोग्याला उताणे निजवून, हात डोक्यावर नेऊन, तळवा वर करून, बाजूने व लांबीने दाब देत कोपर दुमडायचे. जागा असलेला रोगी बहुधा हाड सरकण्यापूर्वीच घाबरून हात काढून घेतो, आणि भूल दिलेल्या रोग्याचे मात्र तेच हाड मागे सरकते, त्याच्या वरच्या कातडीला खळगा पडतो, आणि कोपर आणखी दुमडताच हाड खट्कन जागेवर येते. भूल दिली म्हणजे मणी दूर नेला.

या वादात मी मीमांसकांच्या बाजूला आहे. परीक्षा करणाऱ्याला नैयायिकाची रीत उपयोगी पडते हे मी जाणतो. कोणती सामग्री जुळवली असता हाड सरकते ते सांगा, ती जुळवा आणि पाहा, इतका रोखठोक हिशेब त्याला हवाच. पण ज्याच्या हातात ते अस्थैर्य आहे त्याच्या बाबतीत ते केवळ सरकण्याच्या क्षणी असते आणि एरवी नसते असे म्हणणे मला खोटे वाटते. देवापुढे हात जोडून बसलेल्या अक्काचा सांधा कुणाच्याही यंत्राला निर्दोष दिसला असता, आणि तरीही उठायचे कसे हा विचार तिच्या मनात तेव्हाही चाललेला असे. जे घडत नसतानाही माणसाचे बसणे-उठणे ठरवते, ते नाही असे मी म्हणू शकत नाही.

शेवटी ज्या अस्थिशल्यविशारदांकडे आम्ही गेलो, त्यांनी फोटोंचे आणि अहवालांचे जाडजूड पाकीट माझ्या हातून घेतले आणि न उघडता मेजाच्या कडेला ठेवले. “मावशी, त्रास कधी होतो ते सांगा,” म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि मध्ये एकदाही न अडवता तिची सारी कैफियत ऐकून घेतली. मग हातांची लाकडी खुर्ची पुढे ओढली. “यात बसा. आता दोन्ही तळहात आतल्या बाजूला वळवून खुर्चीच्या हातांवर टेका आणि पाय न वापरता उठून दाखवा.” अक्का उठू लागली. अंग चार बोटे उचलले गेले असेल नसेल, तोच तिचा चेहरा पालटला. वेदनेने नव्हे, वेदना अजून आलेलीच नव्हती. पुढे पायरीच नाही असे अंधारात पायाला कळावे आणि पाऊल हवेत थबकावे, तसे काहीतरी तिच्या मुद्रेवर उमटले आणि ती खाली बसली. डॉक्टर म्हणाले, “बस. हेच पाहायचं होतं.”

त्या भीतीला वैद्यकात लक्षणाचा दर्जा आहे हे मला त्या दिवशी कळले, आणि ज्या भीतीला आम्ही ‘मनाचे खेळ’ म्हणून बाजूला सारले तीच या व्याधीची सर्वांत आधी पोहोचणारी साक्ष होती हेही कळले. अस्थिबंध हा नुसता दोर नाही. त्यात सूक्ष्म मज्जातंतूंची टोके असतात, सांध्याची स्थिती आणि ताण ती क्षणोक्षणी वर कळवीत असतात. हाड सरकण्यापूर्वीच, ते सरकणार असल्याची वर्दी अक्काला मिळत होती. नैयायिक सुखदुःखाचे ज्ञान मानस प्रत्यक्षात घालतात. म्हणजे जे आमच्यासाठी ऐकीव होते, ते तिच्यापुरते प्रत्यक्ष होते, आणि आम्ही आपल्या अनुमानाच्या जोरावर तिचे प्रत्यक्ष खोडून काढीत होतो. चरकाने विमानस्थानात रोग जाणण्याची साधने सांगताना वैद्याने जवळजवळ सर्व इंद्रियांनी रोग्याची परीक्षा करावी असे म्हटले, पण चव मात्र वगळली. रोग्याच्या तोंडाला कोणती चव आली आहे ती वैद्याला चाखून कळायची नाही, ती रोग्यालाच विचारून घ्यावी, असा त्याचा स्पष्ट निर्देश आहे. वाग्भटाने हीच व्यवस्था दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशा तीन शब्दांत बांधली. त्यांतले दर्शन आपण यंत्रांच्या साहाय्याने इतके वाढवले, की स्पर्शन आणि प्रश्न त्याच्या छायेत खुरटून गेले.

पंढरपुरी दर्शनाच्या दोन रांगा असतात. मुखदर्शनाची रांग त्यामानाने लवकर सरकते, आणि विठ्ठलाचे मुख तिथूनही दिसते; तरीही वारकरी पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास, वारीच्या दिवसांत तर रात्र रात्र उभा राहतो, आणि एका क्षणापुरते त्या पावलांवर डोके टेकवून बाहेर पडतो. पाहणे पुरेसे नाही, असे त्याला कुणी प्रमाणशास्त्र शिकवून सांगितलेले नसते.

याची दुसरीही बाजू आहे, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. चित्र ज्याप्रमाणे असलेले दाखवीत नाही, त्याप्रमाणे जे दाखवते ते प्रत्येक वेळी व्याधी असतेच असे नाही. ज्यांना कसलाही त्रास नाही अशा व्यावसायिक बेसबॉल फेकपटूंच्या कोपरांची सोनोग्राफी केली असता, फेकण्याच्या हाताचा बंध दुसऱ्या हातापेक्षा जाड झालेला आणि ताण देताच सांध्याची फट अधिक उघडणारी आढळली आहे. वर्षानुवर्षांच्या श्रमाने तो हात तसा घडलेला असतो. अशा निरोगी हाताचे चित्र पाहून कुणी शस्त्र उचलले तर त्या दोषाला तर्कशास्त्रात सव्यभिचार हेतू म्हणतात, म्हणजे साध्य नसतानाही जो हजर असतो असा हेतू. आणि उलट उदाहरण इतिहासात प्रसिद्ध आहे. लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा डावखुरा फेकपटू टॉमी जॉन याचा आतल्या बाजूचा बंध १९७४ च्या जुलैत निकामी झाला, तेव्हा माणसाच्या देहाचे एमआरआय चित्र अजून कुणी घेतलेले नव्हते. डॉक्टर फ्रँक जोब यांना खेळाडूची कैफियत, साधे क्ष-किरण आणि स्वतःचे हात यांच्यावरच भिस्त ठेवावी लागली. त्यांनी २५ सप्टेंबर रोजी जॉनच्या उजव्या हाताच्या मनगटाकडची एक कंडरा काढून, डाव्या कोपराच्या हाडांना भोके पाडून, त्यांतून ती नवा बंध म्हणून ओवली. १९७६ मध्ये जॉन पुन्हा मैदानात उतरला, १९८९ पर्यंत खेळत राहिला, आणि त्या नव्या बंधाच्या बळावर त्याने आणखी १६४ सामने जिंकले. ती शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते; एखाद्या शस्त्रक्रियेला रोग्याचे नाव मिळणे ही दुर्मिळ गोष्ट आहे, आणि मला ती फार आवडते.

अक्काला भूल दिल्यावर डॉक्टरांनी तीच परीक्षा सी-आर्म या हलते चित्र दाखवणाऱ्या क्ष-किरण यंत्राखाली केली आणि पडद्यावरची चित्रे मला नंतर दाखवली. पहिल्यात सारे जागेवर होते. ते चित्र मी दीड वर्ष ओळखत होतो. दुसऱ्यात डॉक्टरांच्या हाताच्या दाबाने रेडियसचे वाटोळे डोके आपल्या जागेवरून मागे गेलेले होते, आणि अल्नाचा सांधा एका बाजूने, अर्धवट उघडलेल्या शिंपल्यासारखा, उचकटला होता. यंत्र तेच, किरण तेच, हाडेही तीच. फक्त या वेळी एका माणसाने तो हात हातात घेतला होता, आणि तो कोणत्या दिशेने फिरवायचा हे त्याला एका बाईने खुर्चीवरून उठता उठता सांगितलेले होते. डॉक्टरांनी त्या पडद्याकडे बोट दाखवून मला विचारले, “दिसतंय ना?” मी मान हलवली. मला त्या वेळी त्या पांढऱ्या हाडांपलीकडे तिचा तो भिंतीलगतचा पाट दिसत होता.

बाहेरची झोळी दुसऱ्या ठिकाणची कंडरा घेऊन नव्याने बांधण्यात आली. पुढचे सहा महिने पट्टा, बिजागरीचा आधार, मोजून मापून व्यायाम यांत गेले. शेवटच्या तपासणीला मी सवयीने विचारले, की फोटो काढायचा ना? डॉक्टर म्हणाले, नंतर काढू. आणि त्यांनी तीच लाकडी खुर्ची पुढे ओढली.

त्या आठवड्यात घरी सत्यनारायण होता. प्रसादाच्या पंगतीत अक्का बायकांच्या ओळीत भिंतीपासून दूर, मधोमध बसली होती. आपोष्णीचे पाणी सोडून पाने उठू लागली तशी तिने डावा हात पदराला पुसला, उजवा तळहात बोटे पसरून फरशीवर ठेवला, आणि थांबली. माझे लक्ष तिच्या कोपराकडे होते. तिचे लक्ष माझ्याकडे होते. “पाहतोस काय,” ती म्हणाली, “तुझं पान उचल.” आणि हातावर भार घेऊन उठली.